वाळूतली राखण

पाली सोडून जोधपूरकडे निघालं की वीसेक किलोमीटरवर गाड्या आपोआप हळू होतात. पुढं टोलनाका नसतो की पोलीस नसतात. रस्त्याच्या कडेला काचेच्या पेटीत एक जुनी बुलेट उभी आहे. साडेतीनशे सीसीची, आरएनजे ७७७३ क्रमांकाची. तिच्यावर हारांचा असा ढीग असतो की पेट्रोलची टाकी शोधावी लागते. हे ओम बन्नांचं देवस्थान. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीला ओमसिंह राठोड नावाचा तरुण इथं झाडावर आदळून गेला. पोलिसांनी त्याची गाडी ठाण्यात नेली, तर सकाळी ती पुन्हा अपघाताच्या जागी. टाकी रिकामी करून साखळीनं बांधून ठेवली, तरी पुन्हा तिथंच. लोक असं सांगतात, आणि सांगताना आवाज जराही खाली आणत नाहीत.

ट्रकवाले इथं हॉर्न देतात, नारळ वाढवतात, कुणी बाटलीतले चार थेंबही वाहतात. न थांबता पुढं गेलेला सुखरूप पोहोचत नाही, अशी समजूत आहे. डिसेंबरातल्या एका दुपारी साताऱ्याच्या एका जोडप्यानं गाडी बाजूला घेतली, ती मात्र या भीतीपोटी नव्हे. नवरा एसटीचा निवृत्त चालक. मुंबईच्या गाडीवर असताना जुन्या बोरघाटात शिंग्रोबाच्या देवळापाशी त्यानं वर्षानुवर्षं खिडकीतून नाणं टाकलेलं. इंग्रजांना घाटाची वाट दाखवून त्यांच्याच हातून मेला म्हणतात, तो धनगर शिंग्रोबा.

"हा इथला शिंग्रोबा," तो बायकोला म्हणाला आणि पेटीसमोर चपला काढल्या.

जिथं वेगानं एक जीव घेतला तिथं रोज हजारो गाड्यांचा वेग कमी होतो, हे काम कुठल्याही फलकानं इतकं नेटकं केलं नसतं. पुजारी काच पुसत होता. हाराचा ओला डाग राहिला होता, तो त्यानं नखानं खरवडून काढला.

बायकोनं जिल्हा परिषदेच्या शाळांमधून भूगोल शिकवला. वाऱ्याचं कार्य, वालुकागिरी, बारखाण हे सगळं फळ्यावर खडूनं काढून. प्रत्यक्ष एकही पाहिलेला नाही. माहेर माणदेशातलं, म्हसवडकडचं, त्यामुळं कोरडी जमीन तिला परकी नव्हती. पण माणदेशात पाचशे मिलिमीटरच्या आसपास तरी पाऊस पडतो. जैसलमेरला तो दोनशेच्या आत. तेवढ्यात माणसं कशी राहतात, हे तिला जाऊन बघायचं होतं. त्यानं उभं आयुष्य वेळापत्रकावर गाडी हाणलेली, थांबा म्हणजे स्टँड आणि चहाची दहा मिनिटं. म्हणून निघतानाच करार झाला: ती सांगेल तिथं थांबायचं, गाडी किती वाजता सोडायची ते तो ठरवणार. दोघांनीही तो जवळजवळ पाळला.

जोधपूरपासून पंचवीसेक किलोमीटरवर खेजडली हे गाव आहे. १७३० साली जोधपूरच्या महाराजाला नव्या महालासाठी चुना भाजायचा होता, त्याला लाकूड हवं होतं, आणि लाकूड होतं ते बिश्नोईंच्या या गावात. माणसं कुऱ्हाडी घेऊन आली तेव्हा अमृतादेवी नावाच्या बाईनं झाडाला मिठी मारली. तिच्यामागून तिच्या मुली, मग गावोगावचे लोक. ३६३ जण मारले गेले तेव्हा कुठं तोड थांबली. झाड कुठलं, तर खेजडी. म्हणजे आपली शमी, दसऱ्याला जिची पूजा होते ती. इथं तिच्या शेंगांची भाजी होते, पाला शेळ्या-उंटांना जातो, आणि तिच्या सावलीत बाजरी चांगली येते. जांभोजींनी पंधराव्या शतकात घालून दिलेले एकोणतीस नियम बिश्नोई अजून पाळतात. त्यांत हिरवं झाड न तोडणं हा एक. सरणाला लाकूड लागू नये म्हणून ते मृतांना पुरतात. बाईनं स्मारकाभोवती एक फेरी मारली आणि एका बुंध्यावर तळहात टेकवून बराच वेळ उभी राहिली. त्यानं घड्याळ बघितलं नाही.

नागौरला कुणी मराठी प्रवासी मुद्दाम थांबत नाही. त्यानं थांबायला हवं, असं ठामपणे वाटतं. शहराला लागून ताऊसर नावाचं गाव आहे. १७५५ मध्ये मारवाडच्या विजयसिंहाला नागौरच्या किल्ल्यात कोंडून जयाप्पा शिंदे इथं तळ देऊन बसले होते. बोलणी करायला आलेल्या माणसांनी दगा करून त्यांचा खून केला. त्यांच्या धाकट्या भावानं, दत्ताजींनी, वेढा तसाच पुढं चालवला. पाच वर्षांनी बुराडी घाटावर पडले ते हेच दत्ताजी. शाळेच्या पुस्तकात बुराडी घाट येतो, ताऊसर येत नाही. जयाप्पांची छत्री तिथं उभी आहे. आजूबाजूला मेथीची शेतं. नागौरची वाळवलेली मेथी देशभर जाते, आणि डिसेंबरात त्या भागात गाडीच्या काचा खाली केल्या की तिचा वास सरळ आत येतो. वाट विचारली तेव्हा एका शेतकऱ्यानं विळा खाली ठेवला आणि पुढं चालत येऊन छत्री दाखवली. आत कोण आहे हे त्याला माहीत होतं. आपल्या राजाच्या शत्रूची जागा आहे हेही माहीत होतं.

पुढं बिकानेरच्या अलीकडे तीसेक किलोमीटरवर देशनोक. करणीमातेचं मंदिर, म्हणजे उंदरांचं मंदिर. त्याचा संगमरवरी दर्शनी भाग आणि चांदीचे दरवाजे बिकानेरच्या महाराजा गंगासिंहांच्या काळातले. आत हजारो उंदीर मोकळे फिरतात. त्यांना काबा म्हणतात. चारण समाजाची माणसं मेल्यावर काबा होतात आणि काबा मेला की पुन्हा चारणाच्या घरी जन्माला येतो, ही श्रद्धा. म्हणून इथं पाय उचलून टाकायचा नाही, फरशीवरून घासत न्यायचा. चुकून एखादा काबा पायाखाली आला तर त्याच्याएवढा चांदीचा उंदीर देवीला द्यावा लागतो.

बाईला किळस येईल असं नवऱ्याला वाटलं होतं. ती दुधाच्या परातीशेजारी उकिडवी बसली. परातीच्या काठावर काबे दाटीवाटीनं ओळीनं बसलेले, पुढचे पाय आत, शेपट्या बाहेर लोंबत असलेल्या. एखादा पिऊन झाला की मागचा त्याच्या जागी सरकायचा. वर सगळ्या चौकावर जाळी ताणलेली. घारी-ससाण्यांनी झडप घालू नये म्हणून ती घातली आहे, असं परात पुसणाऱ्या मुलानं सांगितलं. दूध संपलं की परात घासायची, नवं दूध ओतायचं, लाडवांचा चुरा झाडून काढायचा, पुन्हा वाढायचं. हा त्याचा दिवस.

त्या संध्याकाळी बिकानेरच्या लॉजवर ती म्हणाली, "अहो, आपण गंमत बघायला थांबतोय, पण प्रत्येक ठिकाणी कुणीतरी काम करतंय."

एवढ्या प्रवासातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य हेच. सह्याद्रीत एखादं देऊळ सोडून दिलं तरी पाऊस, झाडं, शेवाळ त्याला सांभाळून घेतात. शंभर वर्षांनी ते आणखी देखणं होऊन सापडतं. वाळवंटात सोडून दिलेलं सहसा धड उरत नाही. वारा रस्ता बुजवतो, विहीर भरून टाकतो. जे उभं दिसतं ते आज सकाळी कुणीतरी झाडलेलं, पाजलेलं, झाकलेलं असतं. लांबून येणाऱ्याला जागा चमत्कारिक वाटते, कारण त्याला फक्त उंदीर आणि बुलेट दिसते, राखण दिसत नाही.

ती राखण सगळ्यात मोठ्या प्रमाणावर बघायची तर खीचनला जायला हवं. फलोदीपासून पाचेक किलोमीटरवरचं हे गाव. फलोदीत १९ मे २०१६ रोजी ५१ अंश सेल्सियस तापमान नोंदवलं गेलं होतं. डिसेंबरात मात्र पहाटे स्वेटरवर शाल लागते. दोघं अंधारातच गावच्या कडेला पोहोचले. तिथं कुंपण घातलेलं एक पटांगण आहे, त्याला चुग्गाघर म्हणतात. रात्रीच तिथं ज्वारी पसरून ठेवलेली असते. उजाडायच्या आधी आवाज आला, दूरवरून, अनेक घशांतून एकदम, कुर्र-कुर्र. मग वाळूच्या टेकड्यांच्या वर काळ्या रेघा दिसायला लागल्या. त्या तुटल्या, जुळल्या, चक्कर मारून पुन्हा वर गेल्या.

हे कांड्या करकोचे. मंगोलिया, कझाकस्तानच्या गवताळ मैदानांतून ते हिवाळ्याला येतात, कित्येक थवे हिमालयावरून. इथं त्यांना कुरजां म्हणतात. परदेशी गेलेल्या नवऱ्याला निरोप न्यायचं काम मारवाडी लोकगीतांनी याच पक्ष्याकडे दिलं आहे. आधी ते कुंपणाबाहेरच्या टेकडीवर उतरतात. अंदाज घेतात. एखादं कुत्रं फिरत असेल तर तासभरही तसेच उभे राहतात. मग चार-सहा पक्षी आत येतात, आणि त्यांच्यामागून लाटाच सुरू होतात. राखाडी अंग, काळी मान, छातीवर लोंबणारी काळी पिसं, डोळा लालभडक, आणि डोळ्यामागून निघालेला पांढरा तुरा. चोची खाली, मग एकदम सगळ्या माना वर, मग पुन्हा खाली. जागा भरली की मागचे हवेतच थांबतात. खाऊन झालेले उठतात आणि त्यांना जागा करून देतात. कुणी कुणाला टोचत नव्हतं, हे बाईनं दोनदा बोलून दाखवलं.

ही प्रथा काही पुराणातली नाही. १९७० च्या दशकात गावातल्या एका जैन कुटुंबानं कबुतरांना दाणे टाकायला सुरुवात केली. पाच-पंचवीस करकोचेही त्यात येऊन बसले. पुढच्या हिवाळ्यात आणखी आले, त्याच्या पुढच्या हिवाळ्यात त्याहून अधिक. आज हिवाळ्यात हजारोंचा मुक्काम असतो आणि रोज पोत्यांनी ज्वारी लागते. गावातली जी माणसं चेन्नईला, मुंबईला व्यापाराला गेली, ती तिथून पैसे धाडतात. वाढदिवसाला, वडलांच्या तिथीला एका दिवसाचा चुग्गा, म्हणजे दाणा, आपल्या नावानं लावतात. दाणे खाल्ले की पक्षी गावच्या तळ्यांवर जातात, रातडी नाडी आणि विजयसागर. जून २०२५ मध्ये खीचनला रामसर पाणथळ म्हणून मान्यता मिळाली. पन्नास वर्षं लोकांनी आधी सांभाळलं, कागद मागून आला.

नवऱ्यानं गोदामात जाऊन भाव विचारला, एक पोतं घेतलं, आणि ते स्वतः उचलून आत नेऊन ठेवलं. पावती फाडणाऱ्यानं नाव विचारलं. त्यानं बायकोच्या वडलांचं नाव सांगितलं. ती तेव्हा पक्ष्यांकडे बघत होती. तिला हे गाडीत बसल्यावर कळलं.

फलोदीच्या उत्तरेला भडला इथं २,२४५ मेगावॅटचं सौर उद्यान आहे. तिथून आणि पवनचक्क्यांच्या रानांतून निघालेल्या तारा पोकरण-जैसलमेरच्या माळांवरून जातात, आणि याच माळांवर माळढोक राहतो. राजस्थानचा हा राज्यपक्षी. इथं त्याला गोडावण म्हणतात. सोलापूरजवळ नान्नजला त्याच्यासाठी १९७९ मध्ये अभयारण्य झालं. आपल्याकडे तो आता जवळपास संपला. देशभरात रानात दीडशेही उरले नसावेत, आणि त्यांतले बहुतेक इथंच. अंगानं जड, उडताना चटकन वळता येत नाही, आणि डोळे बाजूंना असल्यानं समोरची तार वेळेत दिसत नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये तारा जमिनीखालून नेण्याचा आदेश दिला. २०२४ मध्ये तो शिथिल करून तज्ज्ञांची समिती नेमली. सूर्याची वीज हवीच आहे, कोळसा जाळून कुणाचं भलं होणार नाही. पण माळढोक गेला तर तो कुठल्याही समितीला परत आणता येणार नाही, म्हणून तारांचा खर्च आपण सगळ्यांनी सोसायला हवा. सम आणि रामदेवरा इथं अंडी उबवून पिल्लं वाढवली जात आहेत. बाईनं याच भागातल्या लाठीच्या माळावर दुर्बीण लावून बराच वेळ काढला. चिंकारे दिसले, गिधाडं दिसली. माळढोक दिसला नाही.

लाठीच्याच बाजूला भादरिया मातेचं मंदिर आहे, आणि त्याच्या पोटात, जमिनीखाली, ग्रंथालय. भादरिया महाराज म्हणून ओळखल्या जाणाऱ्या एका साधूनं ते उभारलं. पायऱ्या उतरून गेलं की लांबच लांब गल्ल्या, दोन्ही हातांना काचेची कपाटं, लाखांच्या घरात पुस्तकं. वरचं ऊन, धूळ, वारा खाली पोहोचत नाही. कपाटं पुसलेली होती. वाचणारं कुणी नव्हतं. नुसतं सांभाळणं पुरत नाही, हे त्या थंड गल्लीत फार जाणवतं. पुस्तकाला माणसाचा हात लागावा लागतो. पण जपलेलं आहे तर उद्या लागू शकेल.

जैसलमेरचा किल्ला सगळ्यांनी पाहिलेला असतो किंवा फोटोत पाहिलेला असतो. सत्यजित राय यांच्या १९७४ च्या 'सोनार केल्ला'नंतर बंगाली पर्यटक तिथं पिढ्यान् पिढ्या येत आहेत. या दोघांनी तो संध्याकाळी उरकला. शेजारच्या अकलला दुसऱ्या दिवशी गेले. अठरा कोटी वर्षांपूर्वीच्या वृक्षांची खोडं तिथं दगड होऊन पडली आहेत. मोठ्या खोडांवर लोखंडी पिंजरे आणि पत्र्याची छपरं. दगड झालेल्या झाडालाही इथं सावली दिली आहे.

जैसलमेरजवळच्या कुलधऱ्याला लोक भुतांसाठी जातात. एकोणिसाव्या शतकात पालीवाल ब्राह्मणांनी हे गाव सोडलं. दिवाण सालमसिंहाची नजर गावातल्या मुलीवर पडली म्हणून सगळे एका रात्रीत उठून गेले, जाताना शाप देऊन गेले, ही गोष्ट प्रत्येक गाइड सांगतो. वाढता सारा आणि आटत गेलेलं पाणी ही कारणं अभ्यासक सांगतात, आणि ती शापापेक्षा जास्त खरी वाटतात. बाईला मात्र पडक्या घरांपेक्षा पालीवालांच्या खडीनमध्ये रस होता. खडकाळ उतारावर पडलेला पाऊस मुरत नाही, वाहतो. तो जिथं येऊन थांबेल तिथं सखल भागात लांब मातीचा बांध घालायचा. पावसाळ्यात आत तळं साचतं, बरोबर गाळ येतो, पाणी हळूहळू जमिनीत उतरतं. हिवाळ्यात त्या ओलीवर गहू-हरभरा पेरायचा. वरून एक थेंब द्यावा लागत नाही. दीडशे-दोनशे मिलिमीटरच्या प्रदेशात गहू! आजही काही खडीनं पिकतात. त्यांना तसं एक दिसलं, हातभर हिरव्या हरभऱ्याचं. ती बांधावर चढली, उताराकडे हात करून नवऱ्याला पाणी कुठून येतं, कुठं वळतं, जादा पाणी सोडायला मोरी कुठं ठेवली आहे, हे सगळं समजावत राहिली. म्हसवडच्या शाळेत हा धडा असायला हवा होता, असं तिचं म्हणणं. आणि ते रास्त आहे.

पुढं सीमेकडे तनोट. तिथल्या देवळात आरती सीमा सुरक्षा दलाचे जवान करतात. १९६५ च्या युद्धात देवळाच्या आवारात पडलेले आणि न फुटलेले बॉम्ब कपाटात मांडले आहेत. बाहेर नवसाच्या रुमालांच्या रांगाच रांगा. पुढं लोंगेवाला. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री मेजर कुलदीपसिंग चांदपुरी यांच्या सव्वाशेच्या आसपास जवानांनी पाकिस्तानी रणगाड्यांना सकाळपर्यंत रोखून धरलं, उजाडल्यावर जैसलमेरहून हंटर विमानं आली. पकडलेले रणगाडे तिथंच आहेत. साताऱ्याच्या माणसाला अशा जागी काही सांगावं लागत नाही. गावागावात कुणी ना कुणी फौजेत असतोच. नवरा तिथं बराच वेळ एकटाच फिरला.

परतीला बारमेरची वाट धरली. जैसलमेर मागं पडल्यावर रस्त्यात उंटांचा कळप आडवा आला आणि गाडी थांबवावीच लागली. बरोबर उंट पाळणाऱ्या रायका समाजाचा एक म्हातारा, लाल फेटा, हातात काठी. २०१२ च्या पशुगणनेत देशात चार लाख उंट होते, २०१९ मध्ये अडीच लाख उरले. राजस्थाननं २०१४ मध्ये उंटाला राज्यपशू केलं आणि पुढच्या वर्षी कायदा करून कत्तलीवर आणि परवानगीशिवाय राज्याबाहेर नेण्यावर बंदी घातली. हेतू चांगला होता. पण बाहेरचं गिऱ्हाईक तुटलं, भाव पडले, आणि कळप पोसणं पाळणाऱ्यांना परवडेनासं झालं. चराईच्या जागा तर आधीच आकसलेल्या. कायद्यानं उंटाचं नाव राखलं; उंट राखणाऱ्याकडे बघायचं राहून गेलं.

म्हाताऱ्यानं एका पायावर उभं राहून, दुसऱ्या गुडघ्यावर भांडं टेकवून उंटीण पिळली. दूध फेसाळ, चवीला किंचित खारट. त्याचं दही नीट लागत नाही, म्हणून ते ताजंच संपवायचं. तीन दगडांवर चहा झाला. पैसे पुढं केले तर त्यानं हात जोडले. उंटिणीचं दूध विकायचं नाही, अशी रायकांची जुनी रीत.

गाडीचा नंबर बघून त्यानं विचारलं, "महाराष्ट्र? सांगली?" आणि फोन काढून लावलाच. मुलगा सांगलीत मिठाईच्या दुकानात कामाला. म्हाताऱ्यानं दोन वाक्यं बोलून फोन बाईच्या हातात दिला.

"काकू, नमस्कार," पलीकडून स्वच्छ सांगलीकडची मराठी आली. "बापू काय धड सांगत न्हाई. मागल्या आठवड्यात एक उंटीण व्यायली म्हणाला. पिल्लू बघा की जरा. नर हाय का मादी, अन् पाय सरळ हायेत का?"

बाई फोन कानाला लावूनच कळपात शिरली. पिल्लू आईच्या मागच्या पायांत उभं होतं, भुऱ्या लोकरीचं. तिनं आधी पाय बघितले, मग वाकून बाकीचं, आणि मोठ्यानं सांगायला लागली, "मादी आहे. चारी पाय सरळ आहेत. डाव्या कानाला जरा पांढरं आहे. थांब, आता दूध प्यायला लागलीये..."

"पांढरं कुठं, टोकाला का मुळाशी?" त्यानं विचारलं. नवरा तोवर गाडीतून चष्मा आणायला निघाला होता.